वर्दीनंतरचा माणूस : प्रस्तावना

आग विझली म्हणजे तिचे दफ्तर सुरू होते. वर्दी किती वाजता मिळाली, बंब किती वाजता निघाला, घटनास्थळी किती मिनिटांत पोहोचला, पाणी किती खर्ची पडले, माल किती वाचला आणि किती जळून खाक झाला, या साऱ्याची नोंद अग्निशमन केंद्राच्या वहीत होते. तलाठी पंचनामा करतो, पोलीस जबाब घेतात, वीज खात्याचा निरीक्षक तारा तपासून जातो आणि विमा कंपनीचा माणूस राख चाळून आपला अहवाल सादर करतो. कागदांच्या या पसाऱ्यात एक रकाना मात्र कोणत्याच नमुन्यात आढळत नाही. ज्या चार-पाच माणसांनी ती आग विझवली त्यांच्यापैकी त्या रात्री कोणाला झोप लागली आणि कोणाला लागली नाही, कोण घरी जाऊन मुलाबाळांशी चार शब्द बोलला आणि कोण न जेवताच अंथरुणावर पडून राहिला, याची विचारपूस करण्याचा शिरस्ता आपल्या प्रशासनात नाही. हे पुस्तक त्या न आखलेल्या रकान्याविषयी आहे.

अग्निशामकाच्या नोकरीतील ताण, आणि तो ताण वर्षानुवर्षे साचत गेल्याने मनाची व शरीराची होणारी ती झीज, जिला आजचे मानसशास्त्र ‘बर्नआउट’ म्हणते आणि मी पुढील प्रकरणांतून कार्यक्लांती म्हटले आहे, हा या ग्रंथाचा विषय. विषय वैद्यकाचा वाटतो, आणि काही अंशी तो आहेही. परंतु या लेखनाच्या ओघात माझे मत जे बनत गेले ते आरंभीच सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल. आग माणसाला दमवते हे खरे. परंतु त्याला आतून पोखरते ती आगीपुढची हतबलता, आणि ही हतबलता पुष्कळदा ज्वालांपेक्षा आस्थापनेतून जन्मास येते. अपुरे मनुष्यबळ, लांबलेली पाळी, उशिरा मिळालेली वर्दी, अस्थिर नोकरी आणि काम फत्ते करूनही पदरी येणारा दोष, यांचा हिशेब ज्या दिवशी आपण मांडू, त्या दिवशी अग्निशामकाच्या मनःस्वास्थ्याचा निम्मा प्रश्न वैद्याकडे न जाताच सुटेल, असे माझे नम्र प्रतिपादन आहे.

हा विचार मी कुडव्यात राहून करीत आहे, आणि या स्थळाचा विषयाशी संबंध केवळ माझ्या वास्तव्यापुरता नाही. कुडवा हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. शहर कोठे संपले आणि गाव कोठे लागले हे घरांच्या रांगेवरून ओळखू येत नाही. ते महसुली नकाशा उघडूनच पाहावे लागते. तथापि त्या नकाशावरील रेषेला आगीच्या वेळी फार मोठा अर्थ प्राप्त होतो. १९९२ साली झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने संविधानास जी बारावी अनुसूची जोडली गेली, तिच्यात नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवावयाच्या १८ विषयांमध्ये अग्निशमन सेवेचा अंतर्भाव सातव्या क्रमांकावर आहे. त्याच सुमारास ७३व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी आलेल्या अकराव्या अनुसूचीत विषय २९ आहेत, पण त्यांत अग्निशमन नाही. म्हणजे नगर परिषदेच्या हद्दीतील घराला आग लागली तर ती विझवणे हे घटनेने सुचविलेले कार्य. आणि रेषेपलीकडच्या ग्रामपंचायतीतील घराला लागली तर तिथे धावून जाणे हा शेजारधर्म! बंब येतो, नेहमीच येतो, कारण आग पाहून हद्द विचारणारा अग्निशामक अजून जन्मास यावयाचा आहे. पण ज्या लोकसंख्येच्या हिशेबाने त्याच्या केंद्रातील पदे मंजूर होतात तिच्यात ही गावे धरलेली नसतात, आणि हद्दीबाहेरच्या या धावपळीचा सारा भार त्याच मोजक्या माणसांच्या अंगावर पडतो.

या मुलुखातील आगी कशा असतात हे बाहेरच्या वाचकास थोडे सांगितले पाहिजे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून जी झाडीपट्टी होते ती धानाची भूमी आहे. कार्तिक-मार्गशीर्षात धान कापून त्याच्या भाऱ्यांचे पुंजणे शेतात रचले जातात, आणि मळणी होईपर्यंत कुटुंबाचे वर्षाचे अन्न, सोसायटीचे कर्ज आणि लेकीच्या लग्नाची बेगमी असे सारे काही त्या एका ढिगात उघड्यावर पडलेले असते. वैमनस्यातून असो वा एखाद्या विडीच्या थोटकातून, पुंजण्याला आग लागली म्हणजे ती वाळलेल्या तणसातून इतक्या त्वरेने चढते, की शहरातून निघालेला बंब शेतरस्त्याच्या चिखलातून आणि बांधांवरून वाट काढीत पोहोचेपर्यंत बहुधा विझवण्यासारखे थोडेच उरते. उन्हाळ्यात जंगलाकाठच्या गावांतून मोहफुले वेचण्यास सोयीचे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची प्रथा आहे, आणि त्यातून वणवे पेटतात. गोंदिया शहरात व भोवताली धानाच्या गिरण्या आहेत, त्यांचा कोंडा आणि बारदान आहे, बाजारपेठेच्या दाट वस्तीत कापडाची आणि किराण्याची दुकाने एकाला एक चिकटून उभी आहेत. ग्रामीण भागात २० मिनिटांत आणि शहरात ५ ते ७ मिनिटांत अग्निशमन दल पोहोचावे, असे केंद्र शासनाच्या अग्निशमनविषयक सल्लागार परिषदेचे प्रमाण आहे. प्रमाण योग्यच आहे. परंतु तणसाची आग प्रमाणासाठी थांबत नाही.

अशा ठिकाणी पोहोचणाऱ्या अग्निशामकाची पहिली गाठ पुष्कळदा आगीशी न पडता संतापलेल्या जमावाशी पडते. ‘आत्ता आलात?’ हा प्रश्न त्याला इतक्या वेळा ऐकावा लागतो, की त्याचे उत्तर देण्याचे त्याने कधीच सोडून दिलेले असते. वर्दी मिळताक्षणी तो निघाला होता. वर्दीच उशिरा गेली, किंवा दुसरा बंब दुसऱ्या टोकाच्या आगीवर होता, किंवा पाणी संपल्याने मध्येच परतावे लागले, हे सांगून ऐकणारा त्या गर्दीत कोणी नसतो, आणि जळत्या पुंजण्यापुढे छाती पिटणाऱ्या शेतकऱ्याला अशी कैफियत ऐकवणे त्याचे त्यालाच निर्दयपणाचे वाटते. शिवाय तो परका नसतो. महानगरातील अग्निशामकाला आपण वाचविलेल्या वा न वाचविलेल्या माणसाचे नाव बहुधा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कळते. गोंदियासारख्या गावात तो माणूस त्याच्या शाळेतला सोबती असतो, त्याच्या मावशीचा शेजारी असतो, आणि पुढील आठवड्यात बाजारात त्याची गाठ पडणार असते. अंतराचे जे संरक्षण मोठ्या शहरात नकळत मिळते, ते लहान गावात मिळत नाही.

या प्रदेशावर गेल्या काही वर्षांत जे आघात झाले त्यांची नोंद येथे करणे प्राप्त आहे. २१ डिसेंबर २०१६ रोजी पहाटे गोंदियाच्या बाजारवस्तीतील ‘बिंदल प्लाझा’ या हॉटेलला आग लागून सात जणांचा अंत झाला. लग्नकार्यासाठी आलेले पाहुणे त्या रात्री तेथे उतरले होते. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली, आणि सतरा बालकांपैकी सात वाचली, दहा गेली. १ मे १९९९ पर्यंत भंडारा आणि गोंदिया हा एकच जिल्हा होता; ती बातमी इकडे शेजारची म्हणून आली नाही, घरची म्हणून आली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ८ एप्रिल २०२१ रोजी, गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात वणवा विझवीत असताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मरण पावले आणि दोघे जखमी झाले. ही माणसे अग्निशमन दलाच्या हजेरीपटावर नव्हती. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या लेखी आगीचा हंगाम. तेवढ्यापुरते जाळरेषा साफ करण्यास आणि वणव्याशी झुंजण्यास रोजंदारीवर घेतलेले ते गावकरी होते. आग विझवणारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शिरस्त्राण घातलेला, लाल बंबावरचा माणूस उभा राहतो. हिरव्या फांदीने जळता पाचोळा झोडपणारा मजूर उभा राहत नाही. या पुस्तकाने ती व्याख्या जाणीवपूर्वक रुंद केली आहे, कारण ज्याच्या मागे खात्याचे नाव नाही, विम्याचे कवच नाही आणि हंगाम सरल्यावर नोकरीही नाही, त्याचा ताण दुणावतो आणि त्याची नोंद सर्वांत कमी होते.

आपल्या राज्यात अग्निशामकांच्या हौतात्म्याचा गौरव होत नाही असे नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकाच जहाजात असलेल्या त्या आगीवर पाण्याचा मारा करीत असतानाच दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा झाला, आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्यावर मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि तेथून सप्ताह साजरा होतो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या इमारतीच्या आगीत संजय राणे व महेंद्र देसाई हे अधिकारी इमारत कोसळून गेले. भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी त्याच महिन्यात रुग्णालयात प्राण सोडले. दलाचा सर्वोच्च अधिकारी स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता, एवढी एक गोष्ट त्या दलाच्या परंपरेविषयी पुष्कळ काही सांगून जाते. परंतु या गौरवाची एक उणी बाजूही आहे. मृतांस आपण पुष्पचक्र वाहतो. जे त्याच आगीतून जिवंत परतले, ज्यांनी आपल्या साहेबाला डोळ्यांदेखत हरवलेले पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेरी लावली, त्यांच्याकडे आपली दृष्टी वळत नाही. हुतात्म्याचा आदर्श जितका उंच, तितका थकलेल्या सहकाऱ्याला आपला थकवा उच्चारणे अवघड, असा हा विचित्र संबंध आहे.

आता प्रथम शरीराची बाजू पाहू. गाढ झोपेतून घंटेच्या एका ठोक्यासरशी उठून दोन मिनिटांच्या आत बंबावर चढणे, ही क्रिया बाहेरून शिस्तीची दिसते. आत मात्र नाडी एकाएकी धावू लागते, रक्तदाब चढतो आणि संकटकाळी स्रवणारी द्रव्ये रक्तात मिसळतात. वर्दी खोटी निघाली तरी शरीराने दिलेला हा खर्च परत मिळत नाही. अंगावरचा जाड पोशाख, पाठीवरचा श्वसनसंच आणि हातातील साहित्य मिळून वीस किलोंहून अधिक भार होतो. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात तो अंगावर चढवून जळत्या गोदामात शिरणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकाने आपली आपणच करावी. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका सुविख्यात अभ्यासात असे दिसून आले, की कर्तव्यावर असताना हृदयविकाराने मरण पावलेल्या अग्निशामकांपैकी सुमारे ३२ टक्के प्रत्यक्ष आग विझविताना गेले, वस्तुतः नोकरीच्या एकंदर काळापैकी जेमतेम १ ते ५ टक्के काळ त्या कामी जातो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामक म्हणून होणाऱ्या व्यावसायिक संपर्कास कर्करोगजनक म्हणून पहिल्या गटात घातले. आगीतून बाहेर आलेला माणूस आगीतून पूर्णपणे बाहेर आलेला नसतो, हे विधान आता अलंकारिक राहिलेले नाही.

मनाच्या बाजूस दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करू नये, एवढी या प्रस्तावनेतून वाचकास विनंती आहे. पहिली म्हणजे आघात. एखादे दृश्य, एखादा वास, एखाद्या आईचा टाहो मनात असा रुतून बसतो, की तो पुन्हा पुन्हा, न बोलावता, स्वप्नात आणि जागेपणी परत येतो. अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० साली आघातोत्तर ताणविकार म्हणून यास आपल्या वर्गीकरणात स्थान दिले. दुसरी कार्यक्लांती. तिला एखादा भयंकर प्रसंग लागतोच असे नाही. ती रोजच्या, साध्या, न संपणाऱ्या ओझ्यातून उगवते. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली समाजसेवी दवाखान्यांतील कार्यकर्त्यांच्या संदर्भात तिचे वर्णन केले, क्रिस्टिना मास्लाख यांनी १९८१ मध्ये तिचे मोजमाप करणारी प्रश्नावली सिद्ध केली, आणि २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिची नोंद घेताना तिला रोग न म्हणता व्यवसायातून उद्भवणारी अवस्था म्हटले. हे शेवटचे विधान मला निर्णायक वाटते. अवस्था व्यवसायातून उद्भवते असे एकदा मान्य केले, म्हणजे केवळ माणसावर उपचार करून भागत नाही. व्यवसायाची तपासणी करावी लागते.

मास्लाख यांनी सांगितलेली तीन लक्षणे आपल्या केंद्रांत कशी दिसतात ते पाहा. पहिले लक्षण शक्तिपात: रजेनंतरही थकवा उतरत नाही, आणि पाळीवर येण्याआधीच माणूस दमलेला असतो. दुसरे लक्षण अलिप्तता: जो फायरमन पहिल्या वर्षी प्रत्येक जखमीचे नाव विचारीत असे, तोच दहाव्या वर्षी ‘किती आहेत?’ एवढेच विचारतो, आणि प्रेताविषयी असे विनोद करतो जे बाहेरच्याने ऐकू नयेत. हे विनोद क्रूर मनाचे लक्षण नव्हेत. मनाने स्वतःभोवती घातलेले ते कुंपण आहे, पण कुंपण एकदा घातले की ते घरी गेल्यावरही काढता येत नाही. तिसरे लक्षण कृतार्थतेचा लोप: आपण केलेल्या कामाने काही साधले असे वाटेनासे होते. शंभर आगी विझविल्या, तरी स्मरणात राहते ती विझवता न आलेली. तिन्ही लक्षणे एकत्र आली म्हणजे माणूस नोकरी सोडतोच असे नाही. सरकारी नोकरी सोडणे आपल्याकडे सोपे नसते. तो हजर राहतो आणि आतून गैरहजर होतो, आणि ज्या कामात एका क्षणाच्या दुर्लक्षाने जोडीदाराचा जीव जातो त्या कामात ही आतली गैरहजेरी सर्वांनाच धोक्याची असते.

ही अवस्था कशातून येते? मास्लाख आणि मायकेल लायटर यांनी १९९७ साली कामाची सहा क्षेत्रे दाखवून दिली: कामाचा भार, त्यावरील स्वतःचा ताबा, मिळणारे मोल, सहकाऱ्यांचे नाते, न्याय आणि मूल्ये. या सहांतून आपल्या नगर परिषदांच्या अग्निशमन विभागाकडे पाहिले, तर भार आहे, कारण मंजूर पदे आणि भरलेली पदे यांत अंतर असते आणि रिक्त जागेचे काम हजर माणसाच्या खांद्यावर येते. ताबा नाही, कारण बंब कोणत्या रस्त्याने जाईल हे अतिक्रमण ठरवते, पाणी कोठे मिळेल हे नळयोजना ठरवते, आणि इमारतीत बाहेर पडण्याचा दुसरा जिना आहे की नाही हे ती बांधताना कोणीतरी केव्हाच ठरवून टाकलेले असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ साली संमत झाला आणि ६ डिसेंबर २००८ पासून अंमलात आला. त्याची अंमलबजावणी जिथे ढिली पडते, तिथे तिची किंमत अखेरीस धुरात शिरणारा माणूस भरतो. मोल असमान आहे, कारण एकाच होजची दोन टोके धरणाऱ्या दोघांपैकी एक कायम असतो आणि दुसरा कंत्राटी, आणि दोघांचा धूर मात्र सारखाच असतो. सहकाऱ्यांचे नाते, सुदैवाने, पुष्कळ ठिकाणी भक्कम आहे, आणि जे काही टिकून आहे ते बव्हंशी त्याच्याच बळावर. न्यायाविषयी वर लिहिलेच आहे. राहता राहिली मूल्ये: जीव वाचविण्यासाठी भरती झालेल्या माणसाला हेलिपॅडवर मान्यवरांची वाट पाहत दिवस काढावा लागतो आणि त्याच वेळी दुसरीकडे आग लागते, तेव्हा त्याच्या मनात आपल्या कामाविषयी जो प्रश्न उठतो तो बंडखोरीचा म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे पुष्कळदा याच खात्यातील वडीलधारे असतात. ‘आम्ही तीस-तीस वर्षे काढली, आम्हाला कोणी समुपदेशक दिला नव्हता’ असे ते म्हणतात. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही दोन गोष्टी सांगाव्या लागतात. त्यांच्या काळची आग लाकडाची, गवताची, कापसाची होती. आजच्या घरात प्लॅस्टिक आहे, फोमच्या गाद्या आहेत, गॅसच्या टाक्या आहेत, विजेऱ्यांवर चालणारी वाहने आहेत, आणि त्यांचा धूर काही श्वासांतच माणसाची शुद्ध हरपवतो. वर्दीही आता केवळ आगीची राहिलेली नाही; विहिरीतील प्रेत, पुरातील गाव, रस्त्यावरील चेंदामेंदा झालेली मोटार, कोसळलेली भिंत, सारे त्याच दूरध्वनीवर येते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मागच्या पिढीने सोसले हे खरे, पण सोसणे आणि सुखरूप असणे ही एकच गोष्ट आहे काय, हे त्यांच्या घरच्यांना विचारावे. संध्याकाळच्या बाटलीत, विनाकारण उसळणाऱ्या रागात आणि सेवानिवृत्तीनंतर लवकरच आलेल्या झटक्यात किती जणांचे न बोललेले दुःख जिरले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

घरच्यांचा उल्लेख आला म्हणून येथेच सांगतो. दिवाळीत फटाक्यांमुळे वर्द्या वाढतात म्हणून रजा बंद. एप्रिल-मेमध्ये आगी वाढतात म्हणून रजा बंद. गणपती विसर्जनाला तलावाच्या घाटावर बंदोबस्त. ज्या ज्या दिवशी मुलांना सुट्टी असते, त्या त्या दिवशी बापाला काम असते. अग्निशामकाची पत्नी सायरनचा आवाज ऐकून घड्याळ पाहते आणि परतीचा हिशेब करू लागते. तो परतल्यावर ती काही विचारीत नाही, आणि तोही काही सांगत नाही. हे मौन दोघेही एकमेकांच्या काळजीपोटीच पाळतात, परंतु वर्षे लोटली की ते दोघांमध्ये भिंत होऊन उभे राहते. म्हणून या पुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण कुटुंबांना वाहिलेले आहे.

उपायांचा विचार शेवटच्या प्रकरणांत सविस्तर केला असल्याने येथे दिशा तेवढी दाखवतो. अमेरिकेत स्वतः अग्निशमन व रुग्णवाहिका सेवेत राहिलेल्या जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली भीषण प्रसंगानंतर पथकाला एकत्र बसवून बोलते करण्याची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. तथापि पुढील परीक्षणांतून एक सावधगिरीही पुढे आली, की एकाच बैठकीत सर्वांना सक्तीने बोलावयास लावल्याने आघातोत्तर विकार टळतोच असे नाही, आणि क्वचित कोणाची जखम उकरलीही जाते. यातून घ्यावयाचा बोध साधा आहे: प्रथम विश्रांती, जेवण, घरी निरोप आणि सोबत, बोलणे ज्याला हवे त्याला, हवे तेव्हा, आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्यापाशी. त्यासाठी निवृत्त, अनुभवी फायरमनला थोडे प्रशिक्षण देऊन जवळ बसविणे हे अनोळखी तज्ज्ञापेक्षा पुष्कळदा अधिक फलदायी ठरते. नागपुरास १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, म्हणजे देशातील या विद्येचे माहेरघर आमच्यापासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. अशा प्रशिक्षणासाठी विदर्भाला दूर जाण्याचे कारण नाही. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्षातून एकदा प्रत्येक अग्निशामकाची हृदय, फुप्फुसे आणि मन यांची तपासणी तेथे व्हावी, आणि तिचा निकाल बढती रोखण्यासाठी वापरला जाणार नाही अशी लेखी हमी असावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. हा आकडा प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर, वर्दीच्या क्रमांकाशेजारीच, ठळक अक्षरांत लिहिला जावा.

पण हे सारे दुय्यम होय. प्राथमिक गोष्टी कार्यालयीन आहेत: रिक्त पदे भरणे, मोठ्या दुर्घटनेनंतर सक्तीची विश्रांती हजेरीतच धरणे, कंत्राटी आणि हंगामी माणसाला विमा व कायम माणसाइतकेच संरक्षक साहित्य देणे, नगर परिषदेच्या हद्दीलगतच्या कुडव्यासारख्या गावांची लोकसंख्या केंद्राच्या आस्थापनेत धरून तिचा खर्च जिल्हा परिषद व ग्रामपंचायतींनी वाटून घेणे, आणि वर्दीच्या नोंदवहीत तो एक रकाना आखणे. यांपैकी एकाही गोष्टीला नवे शास्त्र लागत नाही. लागते ती ठरावाची भाषा आणि त्यामागची इच्छा.

या पुस्तकाची मांडणी वरील क्रमानेच केली आहे: प्रथम या मुलुखातील आगींचा वृत्तान्त, नंतर शरीर, मग मन, मग कार्यालय, मग घर, आणि शेवटी उपाय. अग्निशामक बंधूंनी ते आपल्यावर कोणी कमकुवतपणाचा शिक्का मारीत आहे अशा समजुतीने वाचू नये. हे तुमच्या बाजूचे निवेदन आहे. नगरसेवक, सरपंच, मुख्याधिकारी आणि वनाधिकारी यांनी ते आपल्या पुढील अंदाजपत्रकाशेजारी ठेवून वाचावे. आणि सर्वसामान्य वाचकाला एवढेच सांगणे, की पुढच्या वेळी बंब तुमच्या दाराशी येईल तेव्हा ‘उशीर का झाला?’ हा प्रश्न बंबावरच्या माणसाला विचारू नका. तो ग्रामसभेत विचारा, नगर परिषदेच्या सभेत विचारा, आणि उत्तर लेखी मागा. बंबावरच्या माणसाला पाणी द्या, रस्ता मोकळा करून द्या, आणि काम झाल्यावर थोडे बसू द्या.